चिऊच्या नावावर

१

सकाळी दाराची बेल वाजायला लागली ती थांबेचना. बटणावर ठेवलेलं बोट काढायचं असतं, हे बाहेरचा माणूस विसरलाच असावा. आत्यानं गॅस बारीक केला आणि तणतणत दार उघडलं.

"अहो, माणसं राहतात इथं! बहिरी नाहीत कोणी!"

दारात तिघं उभी होती. पुढे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी कपाळावरची आठी काही निवृत्त झाली नव्हती. त्यांच्या बाजूला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आणि मागे पार्लरताई. आत्याची भाची चिऊ हिच्याच पार्लरमध्ये कामाला होती, आणि हिला सख्ख्या बहिणीसारखं 'ताई, ताई' करायची.

"चिऊ कुठंय?" बाईंनी विचारलं.

"आत आहे. काय झालं?"

"काय झालं? सगळं गेलं! ग्रुप गेला, ॲप उघडत नाही, त्या लीडर मॅडमचा नंबर बंद. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते त्यात!"

झेरॉक्सवाला म्हणाला, "हेल्पलाईनला कळवून झालंय आत्याबाई. संध्याकाळी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बोलावलंय. तुम्हाला यात कोणी आणलं, असं विचारणार आहेत. आम्ही काय सांगायचं? ॲपमध्ये आम्ही सगळे चिऊच्याच नावाखाली आहोत."

"अहो, पोर आहे ती," पार्लरताई मागून कळवळून म्हणाली. "जरा दमानं घ्या ना. पैसे माझेही गेलेत, मी बोलतेय का काही?"

आत्यानं गॅस बंद केला. तिनं तिघांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि ती आत गेली. चिऊ पलंगाच्या कडेला बसली होती, फोन दोन्ही हातांत घट्ट धरून.

"आत्या," ती म्हणाली, "मी चोर नाहीये गं. पण आता हे सिद्ध कसं करू?"

२

आत्याची सगळी नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या नोकरभरती खात्यात गेली होती. टेबलापलीकडून थापा मारणारी इतकी माणसं तिनं पाहिली होती, की समोरच्यानं खुर्ची कशी ओढली यावरून तिला अर्धं कळायचं. पण घरातल्या पोरीचं मात्र तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, आणि त्याचाच तिला आता संताप येत होता. बसवत नव्हतं, म्हणून ती खोलीत येरझारा घालत होती.

"पहिल्यापासून सांग. रडायचं नंतर."

चिऊनं सांगितलं. पार्लरच्या आरशाच्या चौकटीत एक कागद खोचलेला होता. 'घरबसल्या काम. अनुभवाची गरज नाही. फोनवरून हॉटेलांना स्टार द्या, रोज कमवा.' खाली नंबर. भावाची, म्हणजे चिऊच्या वडिलांची नोकरी त्याच सुमारास सुटली होती. चिऊनं मेसेज टाकला.

"मुलाखत?"

"नाही. लगेच निवडलं."

"लगेच! दिवसभर घासाघीस करून मी एक कारकून निवडायचे, आणि यांनी तुला न बघता घेतलं? बरं, पुढे."

"नोंदणी फी भरली. परत मिळणार होती. मग खरंच पैसे आले थोडे. मग म्हणाले, वरच्या पायरीवर जायचं तर आधी अनामत भरा आणि तीन माणसं आणा."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अगं वेडाबाई, नोकरी देणारा माणूस पगार देतो, तुझ्याकडून घेत नाही! आणि स्टार देण्याच्या कामाला तीन माणसं कशाला लागतात? हॉटेल काय तुम्ही चौघं मिळून उचलणार होतात?"

"सुरुवातीचे पैसे खरे होते ना गं."

"ते गळाला लावलेलं आमिष होतं. त्या मॅडमचा आवाज ऐकलास कधी?"

"कधीच नाही. फोन केला की कट करायची. 'मीटिंगमध्ये आहे, टाईप करा.' पण आत्या, तिला माझं सगळं माहीत होतं. पहिल्याच दिवशी लिहिलंन, 'बाबांची नोकरी गेली, आता घर तुझ्याच खांद्यावर, तू वाघीण आहेस.' मी तिला बाबांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं."

आत्या थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच ती एका जागी उभी राहिली.

"म्हणजे ही बाई लांबची नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्यातलीच कोणीतरी आहे. कदाचित आत्ता बाहेर आपल्या सोफ्यावर बसली असेल."

३

तिघांना आत्यानं गोड बोलून वाटेला लावलं. संध्याकाळी ठाण्यात जाण्याआधी सगळ्यांनी पार्लरमध्ये जमायचं, असं ठरलं. तोवरचा दिवस हातात होता. चप्पल पायात सरकवून ती आधी झेरॉक्सच्या दुकानात गेली.

दुकानात यंत्र घरघरत होतं. एक गिऱ्हाईक आलं, कागद पुढे केला, आणि झेरॉक्सवाल्यानं तोंड उघडायच्या आतच म्हणालं, "नाही हं भाऊ, मला जोडधंदा नकोय. फक्त दोन प्रती." प्रती घेऊन ते जवळजवळ पळालंच.

झेरॉक्सवाला ओशाळला. "सगळे असंच करतात आता. मीच पिडलं सगळ्यांना. सासऱ्यांनासुद्धा सोडलं नाही. ते आता माझा फोन उचलत नाहीत."

"तीन माणसं आणायची म्हणून?"

"हो ना! आणि माझी दोन माणसं त्या बाईंनी पळवली. मी महिनाभर घोळवलेलं गिऱ्हाईक, आणि यांनी आपल्या खाली लावून घेतलं. त्याच्यावर मिळणारे पैसे त्यांना! शाळेत शिकवायच्या म्हणे."

इतकं बुडूनही माणूस त्या दोन गिऱ्हाइकांसाठी हळहळत होता. आत्याला हसावं की रडावं कळेना.

"तुम्हाला त्या मॅडमनं काय लिहिलं होतं? अगदी पहिलं?"

त्यानं मान खाली घातली. "'वेगळं घर घ्यायचंय ना, मग मोठी स्वप्नं बघा.' आता वेगळं व्हायचंय हे आमच्या घरात कोणालाही माहीत नाही. मी फक्त बायकोशी बोललो होतो."

आत्या निघाली, तसा तो मागून घाईघाईनं म्हणाला, "आत्याबाई, एक सांगायचं राहिलं. सकाळी धीर झाला नाही. ती जाहिरात... आरशातला तो कागद माझ्याच दुकानात छापलाय."

४

"तुम्ही छापलात? आणि आत्ता सांगताय?"

"अहो, रोज ढीगभर छापतो मी! फाईल फोनवर आली, पैसे आधी आले, गठ्ठा न्यायला डिलिव्हरीवाला आला. कोण, कुठला, काय माहीत! मलाच ती जाहिरात छापता छापता आवडली, आणि मीच फसलो."

खोटं बोलणारा माणूस आपल्याला इतकं मूर्ख दाखवत नाही, हे आत्याला अनुभवानं ठाऊक होतं. तरी मनात किडा वळवळत राहिला. तशीच ती बाईंच्या घरी गेली.

बाई घरात एकट्याच होत्या. टेबलावर डोळ्याच्या थेंबांची बाटली होती. आत्याला पाहून त्यांनी आधी ताठ मान केली, मग ती आपोआप खाली गेली.

"मी गणित शिकवलंय आयुष्यभर," त्या म्हणाल्या. "एकाचे तीन, तीनाचे नऊ. थोड्याच पायऱ्यांत अख्खं शहर संपतं, हे पोरांना मी फळ्यावर करून दाखवलं असतं. पण मी स्वतः पायरीवर उभी असताना मला खालचं काही दिसलंच नाही हो. त्या मॅडमनं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'ऑपरेशनचा खर्च इथंच सुटेल.'"

"कोणाकोणाला सांगितलंत?"

"जुन्या विद्यार्थ्यांना. रस्त्यात मला बघून आता पलीकडच्या फुटपाथवर जातात. पूर्वी मला घाबरून जायचे, ते परवडलं." बाईंचा आवाज भरून आला, पण लगेच चिडका झाला. "आणि तो झेरॉक्सवाला म्हणतो, मी त्याची माणसं पळवली! माझी होती ती! माझ्या वर्गातली!"

"तुम्ही स्वतः चिऊच्या नावाखाली कशा गेलात? तिनं गळ घातली?"

"चिऊनं सांगितलं, पण मी काही तयार नव्हते. मग केस कापायला गेले तेव्हा पार्लरताई म्हणाली, बाई, करा हो, मी पण करतेय. म्हटलं, मग तुझ्याच नावाखाली करते. तर म्हणे, माझं राहू द्या, पोरीच्या नावावर भरा, तिच्या घरी गरज आहे. फार चांगली आहे ती. तिनं तर कितीतरी बायका अशा चिऊला देऊन टाकल्या." बाई क्षणभर थांबल्या. "म्हणूनच मला संशय येतो. एवढी माणसं जिच्या नावावर, तिला काहीच माहीत नव्हतं, हे कसं मानायचं? मला वाईट वाटतं सांगायला, पण तुमची भाचीच ती लीडर मॅडम आहे."

५

आत्या रस्त्यावर आली आणि पार्लरकडे चालायला लागली. चिऊच? घरात बसून, आपल्या नाकाखाली? बापाची नोकरी गेल्यावर माणूस काय करेल, सांगता येत नाही. हा विचार मनात आल्याबद्दल तिनं स्वतःला चार शिव्या हासडल्या, पण विचार काही जाईना.

पार्लर गजबजलेलं होतं. दोन्ही खुर्च्या भरलेल्या, बाकावर आणखी दोघी. झेरॉक्सवाल्याची बायको भुवया करून घेत होती आणि दोऱ्याच्या प्रत्येक ओढीबरोबर सासूची एकेक तक्रार सांगत होती. पार्लरताई हुं हुं करत, हसत, ऐकत होती. आत्याला पाहताच तिनं हातातलं काम पुरं केलं आणि तिला मागच्या खोलीत नेलं.

"बसा आत्या. डोकं दुखत असेल. थांबा, तेल चोळून देते."

आत्या नको नको म्हणाली, पण त्या बोटांत जादू होती. सकाळपासूनचा ताण उतरायला लागला.

"चिऊचं कसं होणार हो?" पार्लरताईचा आवाज ओला झाला. "मी तिला फणी कशी धरायची इथपासून शिकवलं. माझ्याच हातची आहे ती. मी पोलिसांना सांगेन, माझे पैसे गेले तरी माझी तक्रार नाही."

पार्लरताईची धाकटी बहीण चहा घेऊन आली. तीही इथंच नखं रंगवायचं काम करायची. तिनं कप ठेवला आणि म्हणाली, "माझं नशीब बघा आत्या. मलाही करायचं होतं ते काम, पण ताईनं पहिल्याच दिवशी शपथ घातली, या भानगडीत पडायचं नाही म्हणून. नाहीतर मीही बुडाले असते. देवासारखी आहे माझी ताई."

"जा, गिऱ्हाईक खोळंबलंय," पार्लरताई म्हणाली आणि आत्याच्या मानेवरून अंगठे फिरवत राहिली.

आत्या बाहेर पडली तेव्हा डोकं हलकं झालं होतं, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. काहीतरी खटकत होतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. भाजीवाल्यानं दोनदा विचारलं, काही हरवलंय का. "हो," आत्या म्हणाली, "अक्कल." आणि मग रस्त्याच्या मधोमध ती गपकन थांबली. मागच्या स्कूटरवाल्यानं तिच्या नावानं बोंब ठोकली, तिला ऐकूही आली नाही.

तिला कळलं होतं. आणि कळल्यावर तिला सगळ्यात आधी चिऊची काळजी वाटली. हे त्या पोरीला सांगायचं कसं?

६

संध्याकाळी पार्लरचं शटर अर्धं खाली ओढून सगळे आत जमले. बाई एका खुर्चीत, झेरॉक्सवाला बाकावर, चिऊ भिंतीला टेकून उभी. पार्लरताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. धाकटी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"मला फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत," आत्या म्हणाली. आल्यापासून ती बसली नव्हती. "हा लीडर मॅडम म्हणवणारा माणूस घरचं सगळं जाणतो. माझ्या भावाची नोकरी, बाईंचे डोळे, यांचं वेगळं घर. या तीन गोष्टी एकत्र कुठं बोलल्या जातात?"

"मी कुठंच बोललो नाही!" झेरॉक्सवाला म्हणाला.

"तुम्ही नाही. तुमच्या बायकोनं सांगितलं. याच खुर्चीत बसून, भुवया करून घेताना."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे चिऊनंच ऐकलं. ती इथंच तर असते!"

"थांबा. तुम्ही दोघं सकाळपासून दोन गिऱ्हाइकांवरून भांडताय. आपली माणसं आपल्या नावाखाली हवीत, कारण आपले अडकलेले पैसे त्यांच्याच जिवावर सुटणार. या खेळात जो खरा फसलाय तो असा हपापलेला असतो. त्यात लाज नाही, खेळच तसा आहे. मग मला सांगा, सगळ्यात जास्त माणसं आणूनही ज्यानं ती दुसऱ्याच्या नावावर वाटून टाकली, त्याला आपले पैसे सुटायची काळजी का नव्हती?"

 पार्लरताईचा हात चिऊच्या खांद्यावर तसाच होता.

"आत्या, मी पोरीच्या भल्यासाठी..." ती म्हणाली.

"तेच दुसरं विचारायचंय. तुम्ही दोघांनी आधी कोणाला गाठलंत? यांनी सासऱ्यांना, बाईंनी लाडक्या विद्यार्थ्यांना. फायद्याचं आहे असं वाटलं की माणूस आधी आपल्या माणसाकडे धावतो. चिऊ तिच्या ताईकडे धावली." आत्या धाकटीकडे वळली. "पोरी, तुला ताईनं शपथ कधी घातली?"

"पहिल्याच दिवशी," धाकटी म्हणाली. "आरशाला तो कागद लागला, त्याच दिवशी."

"तेव्हा कोणाचा पैसा बुडाला होता?"

"नाही. तेव्हा तर कोणी केलंच नव्हतं."

"आणि कागद आरशाला कोणी लावला?"

धाकटीनं तोंड उघडलं. मग हातातला टॉवेल तिनं छातीशी धरला आणि बहिणीकडे पाहिलं. "ताईनंच," ती म्हणाली. "सकाळी दुकान उघडल्यावर. ताई, तूच लावलास ना गं?"

चिऊनं खांद्यावरचा हात बाजूला केला. हळूच, एखादी पिन काढावी तसा.

 पार्लरताई गल्ल्यामागे गेली आणि खालच्या कप्प्यातून एक दुसरा फोन काढून तिनं तो बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"मीही अशीच बुडाले होते," ती म्हणाली. "मागच्या वर्षी, दुसऱ्या एका स्कीममध्ये. दुकान जायची पाळी आली. मग वरच्यांनी सांगितलं, तुझ्याकडे बायका येतात, बोलतात, तू मॅडम हो, तुझं फेडून देऊ. ते कोण आहेत, मलाही माहीत नाही. मी पण टाईपच करते त्यांच्याशी."

झेरॉक्सवाला ताडकन उठला. बाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

चिऊ पुढे आली. "ताई, हिला नको म्हणालीस, तेव्हा मी कुठं होते?"

"इथंच होतीस. केस झाडत होतीस."

"मग मला का नाही म्हणालीस?"

"चिऊ, असं नको विचारू."

"का नाही म्हणालीस?"

पार्लरताई रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "तुला कोणी नाही म्हणत नाही गं. म्हातारी असो, तरणी असो, तू सांगितलंस की सगळ्या ऐकतात. मला तसंच कोणीतरी हवं होतं."

७

ठाण्यात ट्यूबलाईट फडफडत होती आणि पंखा नुसताच आवाज करत होता. जबाब लिहून घेणारा हवालदार कंटाळलेला होता, पण माणूस बरा होता. बाईंनी आपलं सांगितलं. मग त्या वळून चिऊला म्हणाल्या, "दिवसभर मी तुलाच चोर समजत होते. चुकले मी." झेरॉक्सवाल्यानंही तसंच काहीसं पुटपुटून चिऊसाठी पाण्याचा ग्लास आणून दिला.

"माझंही नाव लिहा," चिऊ हवालदाराला म्हणाली. "हे सगळे माझ्या तोंडचं ऐकून आले. मला माहीत नव्हतं, तेही लिहा. पण सांगितलं मीच होतं."

आत्या तिला थांबवायला पुढे झाली, मग तिनं स्वतःलाच थांबवलं. नाव वाचवायला दिवसभर वणवण केली होती, आणि पोरगी ते आपण होऊन कागदावर घालत होती. आत्याला तिचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

हवालदारानं पान उलटलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पार्लरताई बसली होती, धाकटी तिच्यापासून लांब, दाराशी उभी.

"आरोपीशी तुमचं नातं काय?" त्यानं विचारलं.

चिऊनं बाकाच्या टोकाकडे पाहिलं.

"मालकीण लिहू? की ओळखीची?"

"बहीण," चिऊ म्हणाली.

हवालदारानं पेन थांबवून दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "सख्खी?"

"नाही. मानलेली." चिऊचा आवाज फुटला. "म्हणजे, मी मानलेली. तिनं नाही."

आणि सकाळपासून जी पोरगी रडली नव्हती, ती तिथं सगळ्यांसमोर टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. आत्या शेवटी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.